निळ्या दोऱ्यातलं नाव

न्हाणीघरात नवरा आंघोळ करत होता, तोवरच वेळ होता. तो घराच्या दाराला आतून कुलूप घालून किल्ली भिंतीवरच्या तसबिरीखाली अडकवायचा. नजर ठेवायला सासूबाई होत्याच. तसबिरीत त्यांनीच निळ्या दोऱ्यानं भरलेलं देवाचं हिब्रू नाव होतं, ‘एल रोई’. म्हणजे मला पाहणारा देव. मालकिणीच्या जाचातून पळालेल्या, धर्मग्रंथातल्या हागार दासीनं ते ठेवलं, असं त्यांनी सांगितलं होतं. “मग ती सुटली?” मी विचारलं होतं. “छे, देवानं परत पाठवलं तिला.” कुलूप काढून बॅग उचलायला वळले, तर सासूबाई समोर. त्यांनी बॅग पाहिली, सुजलेला गाल पाहिला. आतला नळ बंद झाला. “आई, बाहेर कोण आहे गं?” त्या तसबिरीकडे बघत राहिल्या. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी घराचं दार उघडलं. “मला कुणीच दिसत नाहीये रे!”