सही होईपर्यंत

"सर, चारला सीडी बंद होतेय. घड्याळ बघा," चैताली म्हणाली आणि उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून मांडवात तशीच उभी राहिली.

उत्तरेश्वरला मान वळवायचीही सोय नव्हती. गळ्यात वीणा, डावा हात तिच्या दांडीवर, उजव्या हाताचं बोट तारेवर. धायरीच्या सप्ताहातला दुपारचा पहारा त्याचा होता. सप्ताह उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही, तार मुकी होऊ द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. पुढचा पहारा रंगरावांचा, आणि रंगराव ओढ्यापलीकडे पंगतीत वाढत होते. मांडवात चिटपाखरू नव्हतं.

"झालंय काय, ते तरी सांग."

"तुम्ही कुलूप काढूनच पॅकेज पाठवलंत."

नेटवर्कवर कोण कुणाशी काय बोलतंय ते ऐकणारा एक खुला, फुकट प्रोग्रॅम होता. जगभरच्या हौशी मंडळींनी उभारलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तो नीट बांधून, पॅकेज करून द्यायचा, म्हणजे साध्या माणसालाही एका क्लिकमध्ये बसवता यावा असा करायचा, ही सेवा उत्तरेश्वरने नोकरी सांभाळून अंगावर घेतली होती; चैताली त्यात त्याची मदतनीस. ऐकायचं ते फक्त मशीनच्या मालकाने, बाकी कुणी नाही, असं त्यात कुलूप असे. घरी तपासताना ते त्याने काढलं, आणि सप्ताहाच्या धांदलीत पुन्हा लावायचं राहिलं. आता चारला बंद होणाऱ्या नव्या आवृत्तीच्या सीडीवर तेच गेलं की पुढची आवृत्ती निघेपर्यंत कुणाला हात लावता येणार नव्हता.

"कॉलेजच्या लॅबमध्ये कुणीही बसावं आणि शेजारणीचे मेल वाचावेत," चैताली म्हणाली. "मी दुरुस्त केलंय, सर. टेस्ट पण केलंय. फक्त तुमची सही हवीय."

सही म्हणजे एक लांबलचक गुप्त वाक्य. ते टाइप झालं, की माल उत्तरेश्वरच्याच हातचा आहे हे जगाला कळे.

"वाक्य सांगा, मी टाकते. मी काय स्पीकरवरून सांगत फिरणारे का?"

"तू नाही सांगणार गं. पण तू टाकलंस तर सही माझी कशी?"

"मग ही ठेवा ना दोन मिनिटं खुर्चीवर!"

उत्तरेश्वरने डाव्या हाताने वीणा आणखी घट्ट धरली.

"सॉरी," ती म्हणाली.

"लॅपटॉप जवळ आण."

त्याने डावा हात सोडला. उजव्या हाताने तार, डाव्याने अक्षरं. ओठांवरचं नाम आणि मनातलं वाक्य एकमेकांत गुंतलं. चुकलं. पुन्हा टाकलं, पुन्हा चुकलं. तेवढ्यात वीणा घसरली आणि भोपळा मांडवाच्या खांबावर आदळता आदळता राहिला.

त्या मांडवात वीणा कधी बाईमाणसाच्या गळ्यात गेली नव्हती. तसा नियम कुणी सांगितला नव्हता. पण कुणी विचारलंही नव्हतं.

"चैताली, वीणा घे."

"मी?" तिने लॅपटॉप छातीशी धरला. "सर, आमच्या घरी बुद्धवंदना असते. मी हात जोडणार नाही. खोटं खोटं नाही जमत मला."

"नको जोडूस. हात रिकामे कुठे असणारेत?"

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "आणि तोंडाने काय म्हणायचं?"

"काही नको. तार थांबू देऊ नकोस, बास."

तिने लॅपटॉप सतरंजीवर ठेवला, मान पुढे केली आणि उत्तरेश्वरने वीणा तिच्या गळ्यात घातली. पहिला टणत्कार बोदा निघाला, दुसरा जरा बरा. उत्तरेश्वर सतरंजीवर मांडी घालून बसला. दोन्ही हात, एक वाक्य. सही झाली. मोबाइलला वायर लावून ते पाठवायचं होतं. ऐन आख्यान रंगात आलेलं असताना बुवांनी गजर लावावा, तशी पडद्यावरची अपलोडची पट्टी अर्ध्यावर येऊन अडून बसली. मागे तार वाजत होती. पट्टी सरकली. थांबली. सरकली. आणि मेल आला: स्वीकारलं.

त्याने डोळे मिटले. उघडले, तर मांडवाच्या तोंडाशी रंगराव.

पाठांतरात शब्द चुकला, तर भर कीर्तनात बुवांनाही थांबवणारा माणूस. धोतराला ओले हात पुसत ते सावकाश पुढे आले. उत्तरेश्वर धडपडत उठला. "अण्णा, चूक माझी. मीच तिला—"

"तुला कोन इचारतंय?" रंगराव चैतालीसमोर उभे राहिले. "कुनाची गं तू?"

त्या प्रश्नात काय काय विचारलेलं असतं, ते तिला शाळेपासून ठाऊक होतं.

"चैताली कांबळे," ती म्हणाली. आडनाव जरा जास्तच स्पष्ट. बोट तारेवर चालूच होतं.

रंगरावांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. मग उत्तरेश्वरकडे, सतरंजीवरच्या लॅपटॉपकडे, परत बोटाकडे.

"तुटली का मधी?"

"नाही."

"एकदा बी?"

"एकदाही नाही."

पहारा घेणाऱ्याने पहारा देणाऱ्याच्या पाया पडायचं, मग वीणा घ्यायची. रंगराव गुडघ्यावर हात टेकत खाली वाकू लागले. काय होतंय ते चैतालीला उमगलं आणि तिने पाय मागे ओढला.

"आजोबा, अहो, नको—"

"हलू नगं," खालून आवाज आला. "वीणा गळ्यात हाय तवर मागं सरत नसतात."

ती थांबली. रंगरावांनी बुक्का लावलेलं कपाळ तिच्या पायावर टेकवलं आणि उठून वीणेसाठी मान पुढे केली. चैतालीच्या पांढऱ्या मोज्यावर बुक्क्याचा काळा ठिपका उमटला होता.