मधलाच नऊ

सगळ्या महामार्गांना नव्याने, ओळीने नंबर दिले, तरी बेचाळीस आणि चव्वेचाळीसच्या मध्ये जुना नऊ तसाच राहिला. "कुणाच्या दबावाखाली हा घोळ घातलात?" म्हणत मोठ्या साहेबांनी भर बैठकीत इंजिनिअरला फैलावर घेतलं, चौकशी लावली.

संध्याकाळी इंजिनिअरला पोलीस चौकीतून फोन आला. महिन्यातली ही तिसरी खेप.

"आजींना स्वतःचं नावही आठवत नाही," हवालदार म्हणाला. "घर नऊ नंबरच्या रस्त्यावर, एवढंच घोकत बसल्यात."

त्याने आईला गाडीत घालून घरी आणलं. दारासमोरची नऊची पाटी दिसताच तिचा जीव भांड्यात पडला.



"अगदी बरोबर आणलंत हो," ती म्हणाली. "पण तुम्ही कोण?"