मधला निरोप

डॉक्टरांनी हरणाबाईच्या पायावर पुन्हा फडकं टाकलं आणि सरळ तिलाच विचारलं. ऊस तोडताना कोयता लागला त्याला आज दहावा दिवस, आणि पाय घोट्याच्या वर काळा पडत चालला होता. गुडघ्यातून कापला तर जीव वाचेल, ठेवला तर आठवडाही जायचा नाही. पाय तुमचा आहे, तुम्हीच सांगा, असं डॉक्टर म्हणाले.

हरणाबाईने पदर ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. पायथ्याशी तिचे सासरे नाथाजी बसले होते. अकरा वर्षं एका घरात राहून ती त्यांच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं तर सासूमार्फत, आणि सासू नातीला घेऊन पलूसला घरीच राहिली होती.

नाथाजींना ते उमगलं. ते उठून दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले आणि पाठ फिरवून उभे राहिले. जरा वेळाने डॉक्टर बाहेर आले. मामंजी म्हणतील तसं, असं ती म्हणत होती. नाथाजी म्हणाले, ती म्हणेल तसं. डॉक्टर आत गेले, बाहेर आले, उत्तर तेच. सांगलीतला एवढा नावाजलेला डॉक्टर, पण त्याचा पार निरोप्या झाला. मुलाला विचारावं तर भाऊसो आफ्रिकेच्या लढाईवर, पत्र पोचायलाच दोन महिने.

गावात वाटणी असो की भांडण, नाथाजींचा शब्द शेवटचा. आज त्यांना काही सुचत नव्हतं. वाईटसुद्धा वाटत नव्हतं.

दारात येऊन ते सवयीने खाकरले. मग पायथ्याशी जाऊन बसले, नजर फरशीवर ठेवून.

"पोरी, आता मदी कुनी न्हाई. तूच सांग, काय करायचं?"

पदराआडून घोगरा आवाज आला. जात्यावरची तिची ओवी त्यांनी भिंतीपलीकडून कितीदा ऐकली होती, पण हा आवाज ओळखीचा वाटेना.

"कापू द्या. पोरगी ल्हान हाय."

दारातूनच ते ऐकून डॉक्टर कागद आणायला गेले. नाथाजी होते तिथेच बसून राहिले.

"मामंजी," ती पुन्हा म्हणाली, "पाय तुमच्याकडं झालाय. राग मानू नगा, वढून घ्याया येत न्हाई."