चुडा आणि गुलाबी फिंच

प्रमोदिनीने कपाळावरची बट मागे सारली आणि अख्खं रान दचकलं. निदान तिला तसं वाटलं. वाजला होता फक्त तिचा हिरवा चुडा. लग्नाला अजून महिनाही झाला नव्हता. बांबूच्या शेंड्यावर उतरू पाहणारी पाखरं भुर्रकन धुक्यात गेली.

"तीच होती बहुतेक," अंबूआत्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, त्यामुळे प्रमोदिनीला जास्तच लागलं.

अंबूआत्या तिच्या नवऱ्याच्या आत्या. सगळा जन्म बंगळुरात गेलेला, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेलं; कपाळ पांढरं होऊन एकोणीस वर्षं झालेली. दर रविवारी यजमानांची जुनी दुर्बीण गळ्यात अडकवून त्या आनेकलच्या रानाकडे जाणारी पहिली बस धरत. घरातले हसत, हसोत बापडे! गुलाबी फिंच मात्र आत्यांना कधीच दिसला नव्हता. थंडीत उत्तरेकडून येणारा, बांबूचं बी खाणारा हा पक्षी इकडे विरळाच. यंदा या रानातला बांबू फुलला होता. तो चाळीस-पन्नास वर्षांनी एकदाच फुलतो, बी धरतो आणि मरतो. म्हणजे आत्यांच्या वाट्याला ही एकच थंडी होती. आणि ‘मीही येते’ म्हणून हट्टाने आलेल्या प्रमोदिनीने तिची माती केली होती.

बसमध्ये आत्या हसत म्हणाल्या होत्या, "माझे हात वाजत नाहीत ना, म्हणून पाखरं मला भीत नाहीत." ते तिला आत्ता आठवलं.

"काढूनच ठेवते मी," ती म्हणाली आणि बांगड्या ओढू लागली.

"खुळी की काय!" आत्यांनी झटक्यात तिची दोन्ही मनगटं चुड्यासकट मुठींत धरली. "सवाष्णीने हात मोकळे करू नयेत. एका पाखरासाठी?"

तेवढ्यात वरून बांबूचं बी भुरभुरलं. प्रमोदिनीच्या केसांवर, आत्यांच्या खांद्यावर. वर कुणीतरी ते टिपत होतं.

दोघी जागच्या जागी थिजल्या. आत्यांनी हात सोडले असते तर चुडा वाजला असता. दुर्बीण त्यांच्या छातीवर लोंबत होती आणि त्यांचे दोन्ही हात गुंतलेले.

प्रमोदिनीची बोटं मोकळी होती. तिने हळूच दुर्बीण उचलली आणि आत्यांच्या डोळ्यांना लावली.

"स्वल्प वर," आत्या कुजबुजल्या. "उजवीकडे. आणखी. सरी, बस्स..."

धुक्यात ऊन उतरू लागलं होतं. बी पडत होतं, अगदी सावकाश. प्रमोदिनीला वरचं काही दिसत नव्हतं; दिसत होतं ते फक्त आत्यांचं किंचित उघडं राहिलेलं तोंड, लहान मुलीसारखं. तिला फार आनंद झाला. हातांना रग लागली तरी तिने दुर्बीण हलू दिली नाही.

बी पडायचं थांबलं. पंखांची फडफड झाली आणि दूर गेली. तिने दुर्बीण खाली केली.

"दिसला?"

"लालभडक नर. शेजारी मातकट मादी." आत्यांचे डोळे भरले होते.

"उडाले ना आता?"

"केव्हाच."

"मग सोडा की हात, आत्या."

आत्यांनी खाली पाहिलं. एवढ्या वेळात चुड्याची काच त्यांच्या मुठींत ऊबदार झाली होती.

"सोडते गं," त्या म्हणाल्या. "स्वल्प थांब."