उभ्या गाडीचं डिझेल

"हा डिझेल काढून विकतो," गॅरेजमध्ये शिरताच साहेब म्हणाले. त्यांचा ड्रायव्हर मुरलीधर शेजारीच उभा होता, तरी ते त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. "लिटरला अठरा देणारी गाडी अकरावर आलीय. तुम्ही फक्त तसं लिहून द्या, आजच याला काढतो."

मी काय इथे पंचनामे करायला बसलोय? एअर फिल्टर पाहिला, टायरमधली हवा पाहिली, जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवली. सगळं ठणठणीत. मग स्कॅनर लावला. गाडी धावली होती थोडीच, पण जागच्या जागी इंजिन तासन् तास चालू होतं.

"उभ्या गाडीत एसी लावून कोण बसतं?" मी विचारलं.

"टायगर," मुरलीधर खाली बघत म्हणाला. "मॅडम क्लबात असतात तेव्हा कुत्र्याला उकडायला नको म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर, उन्हात. माझ्या घामाचा वास सीटला लागतो म्हणे."

साहेब मोकळं हसले. "टायगर होय! मग ठीक आहे." जरा विचार करून त्यांनी मुरलीधरला बजावलं, "पण तू एकटा असलास की एसी लावायचा नाही हं."

"कधीच लावला नाही, साहेब."

मला शिसारी आली. निघताना साहेबांनी हात पुढे केला. मी माझे ग्रीसने माखलेले हात पाठीमागे नेले.

"असू दे, असू दे," ते कौतुकाने म्हणाले. त्यांना वाटलं, त्यांचा हात खराब होऊ नये म्हणून मी जपतोय.