माहितीतली तार

“उद्या ज्या शेतावर फवारणीला जाणार, त्याचा नकाशा काढा. तारा सगळ्या दाखवा. एकही सोडू नका,” मास्तर म्हणाला. तसा तोही फवारणीच्या विमानाचा वैमानिकच. पण वर्षातून एक दिवस बाकीच्यांना सुरक्षिततेचे धडे द्यायचा आणि पास झालेल्यांच्या परवान्यावर सही करायचा, म्हणून सगळ्यांनी त्याचा मास्तर करून टाकला होता. पिकाला घासून विमान नेणारी ती दांडगी माणसं शाळकरी पोरांसारखी कागदावर वाकली.

पहिला कागद दिला दादाने. मास्तरचा सख्खा थोरला भाऊ. उडायला त्यानेच मास्तरला शिकवलेलं.

“घे बाबा. गुरूची विद्या गुरूला!” दादा म्हणाला, तसा वर्ग खो खो हसला.

मास्तरने कागद पाहिला. विहीर होती, बांध होता, बांधावरचं वाकडं झाडसुद्धा होतं. कालव्यावरून आडवी गेलेली विजेची तार मात्र नव्हती.

“दादा, कालव्यावरची तार?”

“अरे, ती? ती तर आहेच. ती काय काढायची!”

तारेत अडकून गेलेले मास्तरच्या ओळखीतले सगळे असंच म्हणायचे. वरून तार दिसत नाही, ती लक्षातच ठेवावी लागते. आणि ज्याला ती पाठ असते तोच नेमका विसरतो. सकाळी वहिनी फाटकापर्यंत आली होती. “भावजी, यंदा ह्यांना पास करू नका. मला ह्यांना म्हातारं झालेलं बघायचंय,” म्हणाली होती. तेव्हा त्याने हसून वेळ मारून नेली होती. आता त्याने मन घट्ट केलं.

“मी सही करणार नाही, दादा. यंदा तुझं उडणं बंद.”

चारचौघांत, तेही धाकट्याकडून! दादाचा चेहरा खर्रकन उतरला.

“मग काय घरी माशा मारत बसू?”

“मार. पण जिवंत राहा.”

मास्तर घाईने फळ्याकडे वळला. दादाकडे बघवत नव्हतं. “कसा काढायचा, बघा आता.” त्याने आपल्या घरामागचं शेत काढलं. उद्या पहाटे त्याला तिथेच फवारायचं होतं. घर, पंप, खांब, खांबांवरून रस्त्याकडे गेलेल्या तारा. सगळं रेखून झाल्यावर त्याने हात झटकले.

दादा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “धाकट्या, तुझ्या स्वयंपाकघरात दिवा कशावर लागतो रे?”

घर फळ्यावर होतं. घराकडे जाणारी तार नव्हती.

एरवी कुणीतरी ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणून टोला हाणला असता. आज जो तो आपापल्या कागदाकडे बघू लागला.

मास्तरने पुन्हा खडू उचलला. पण ती तार नेमकी कोणत्या खांबावरून वळते, ते त्याला काही केल्या आठवेना. रोज तिच्याखालूनच तो घरात शिरत होता. इतक्या वर्षांचं शिकवणं त्याला एकाएकी फोल वाटलं. इथल्या कुणालाच वाचवणं त्याच्या हातात नव्हतं, स्वतःलाही नाही.

दादा उठून पुढे आला. त्या शेतावर तोही कितीदा उडला होता. त्याने मास्तरच्या हातातून खडू काढून घेतला, फळ्यावर टेकवला आणि थांबला.

“इथून जाते,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “बहुतेक.”