कोंबडी नावाची सवत

परदेशी कार्टून सिनेमातला कोंबडा फतहीच्या आवाजात कैरोची बोली बोलू लागला आणि घराघरांत लाडका झाला. कोंबडी कितीही करवादली तरी तो म्हणायचा, "माझ्या डोळ्यांतल्या उजेडा!" गल्लीतली पोरं खिदळायची आणि फतहीची बायको इन्शिराह आतल्या आत जळायची. घरी जेवताना हाच फतही "मीठ" एवढंच बोलायचा.

दुसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग सुरू झालं, तशी ती भरल्या कोबीचा डबा घेऊन स्टुडिओत थडकली. बघू तरी, कोण ती भवानी!

कोंबडीचा आवाज देणारी पोरगी धावतच आली.

"इन्शिराहकाकू ना? बरं झालं बाई आलात! 'मेल्या, धुळीचे पाय घेऊन गालिच्यावर?' हे एकदा तुमच्या तोंडून ऐकवा. मूळ सिनेमात कोंबडी नुसतं 'पाय पूस' म्हणते. पण काका अडून बसलेत, कोंबडी बोलेल तर अगदी आमच्या हिच्यासारखी!"

काचेपलीकडे फतही एकटाच होता. बायको आलीय हे त्याला ठाऊक नव्हतं. डोळे मिटून तो माइकला सांगत होता,



"पुसतो कशाला, पायच दाराबाहेर काढून ठेवतो, माझ्या डोळ्यांतल्या उजेडा!"